चढासाठी बांधलेली

मित्रांनो, मी एक जुनी, बिनदांडीची सायकल आहे. निदान पुढून पाहिले तर तसेच वाटेल. मागून पाहणारे मात्र थबकतात. माझ्या मागच्या चाकाच्या मधोमध पातेल्याएवढी जाड मोटार आहे, कॅरियरवर पत्र्याची पेटी आहे, आणि पेटीतून निघालेल्या तारा काळ्या चिकटपट्टीत इतक्या नेटक्या गुंडाळलेल्या आहेत, की जणू कुणी लहान मुलीची वेणी घातली असावी. ही वेणी घालणारे हात आता नाहीत. म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागते आहे.

मला घरी आणले ते एका मिस्त्रींनी, आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी. मिस्त्री मोटारी बांधायचे. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उकलायची आणि तिच्या जागी नवी तार हाताने, वेढ्यावर वेढा देत भरायची. लेक शाळेतून आली, की मला भिंतीला टेकवून त्यांच्याजवळ स्टुलावर बसायची आणि मोठ्याने वेढे मोजायची. एक वेढा चुकला तरी सगळे उकलायचे, असा त्या घरचा नियम होता.

"बाबा, कमी घातले तर काय होतं?"

"पळायचं असेल तर वेढे कमी, ओढायचं असेल तर जास्त. मोज तू, गप्पा नकोत. एवढ्यात हरवलीस बघ."

"नाही हरवले. तुम्हीच हरवलात."

लिहून ठेवायची मिस्त्रींना सवय नव्हती. मोजमाप लक्षात ठेवायचे, तर ते कानशीने खाच पाडत. हातोडीच्या दांड्यावर खाचा, टेबलाच्या कडेवर खाचा. लेकीची उंचीसुद्धा दाराच्या चौकटीवर खाचांनीच मोजली जाई. "डोळा फसवतो, खाच फसवत नाही," असे ते म्हणत. सगळ्यात वरची खाच लेक पंधरा वर्षांची असतानाची आहे. त्यानंतर ती शिकायला परगावी गेली. मला कार्यशाळेच्या खुंटीवर टांगण्यात आले आणि चौकटीवर नवी खाच पडली नाही.

खुंटीवरून मी पुष्कळ पाहिले. मिस्त्रींच्या बायकोचे आजारपण पाहिले. ती गेल्यावर स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज कमी झालेला ऐकला. मिस्त्रींनी बाजारातले दुकान बंद केले आणि हत्यारे घरामागच्या खोलीत आणून ठेवली, तेही पाहिले. मध्यंतरी लेक गावात परतली होती, पण आपल्या संसारात. तिचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर. सगळे गाव ताटासारखे सपाट, आणि चढ काय तो तेवढा एकच.

ती सवड काढून यायची. रोज फोन करायची. मिस्त्री फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत, म्हणून दोघांचेही बोलणे मला ऐकू येई.

"जेवलात का?"

"जेवलो." ताट झाकलेलेच असायचे.

"काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"मग या ना इकडे चार दिवस. मी गाडी घेऊन येते न्यायला."

"न्यायला? मी काय पार्सल आहे? माझा मी येईन."

"त्या चढावरून? अर्ध्यात दम लागतो तुम्हाला."

"बघू."

असेच एकदा 'बघू' म्हणून त्यांनी फोन ठेवला, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी पाहिले नव्हते. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढले, अंगावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "चल गं. तुझ्या मालकिणीकडे जायचंय."

मित्रांनो, आयुष्यात दुसऱ्यांदा जन्म घेणे कसे असते, ते मला विचारा. त्यांनी माझा गंज घासला. भंगारातून मोटार बसवलेले एक चाक आणले आणि ते मला बसावे म्हणून मागचे चाक धरणारा माझा चिमटा तसूतसूने फाकवला. टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यांतले सेल वेगळे केले. एकेक सेल भरून तो नुसता ठेवून द्यायचा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचा. जो आपोआप भराभर उतरला तो बाद. "न वापरता दमतो, तो आपल्या कामाचा नाही," असे म्हणून ते स्वतःशीच हसत. टिकलेले सेल त्यांनी ओळीने जोडले आणि रबराचे अस्तर लावलेल्या पेटीत बसवले.

शेजारचे निवृत्त पोस्टमन रोज चहाच्या वेळेला डोकावत.

"मिस्त्री, एवढ्या वेळात लोक विमान बांधतात."

"विमानाला चढ नसतो."

"तुम्हाला कुठला चढ आलाय? बाजारात तर जायचं."

"हं," असे म्हणून मिस्त्री चहा ओतत. खरे काय ते त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. फक्त मला ठाऊक होते.

एका सकाळी आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर मी अशी धावले, की मिस्त्रींची टोपी उडाली. पण चढ लागला आणि माझा जोर सरला. मोटार घुमू लागली, तापली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. मिस्त्री मला धरून रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. तिथून लेकीचे घर दिसत होते. गच्चीवर कपडे वाळत होते. एक निळी ओढणी सारखी उडत होती, आणि कुणीतरी येऊन तिला चिमटा लावला. मिस्त्री उठून उभे राहिले. मला वाटले, आता हाक मारतील. त्यांनी मारली नाही. उरलेली वाट मला ढकलत जाता आले असते. पण दमलेले, घामेजलेले दारात उभे राहिले असते, तर लेक म्हणाली असती, "म्हणूनच म्हणत होते मी." मोटार निवल्यावर त्यांनी मला वळवले.

"चूक तुझी नाही," वाटेत ते म्हणाले. "तुझी मोटार पळण्यासाठी बांधलेली आहे. आपल्याला पळायचं नाही."

घरी येताच त्यांनी चाक उघडले आणि मोटारीतले सगळे तांबे उकलले. नवी तार भरायला बसले. आता मोजायला कुणी नव्हते, तरी ते मोठ्यानेच मोजत. मधेच खोकला आला, आकडा हरवला, की सगळे उकलून पुन्हा पहिल्यापासून. रिकाम्या स्टुलाकडे पाहून एकदा म्हणाले, "हरवलो बघ." हिवाळाभर ते काम चालले. वेढे वाढले, वेग गेला आणि जोर आला. मी हळू झाले, मित्रांनो, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

शेवटचे काम सीटचे होते. सीटच्या नळीवर त्यांनी एक खाच आपल्या उंचीची पाडली. मग मला दाराच्या चौकटीपाशी नेले, सगळ्यात वरच्या खाचेवर हात ठेवला, हिशेब केला आणि दुसरी खाच पाडली. "वर पोचलो की ती एक फेरी मारणारच," ते म्हणाले. ज्या माणसाने लेकीला कालपरवाच पाहिले होते, त्याने डोळ्यांवर नाही, खाचेवर भरवसा ठेवला.

त्यांनी बॅटरी अर्धी भरली. "काठोकाठ भरून ठेवली तर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर मरते. निघायच्या दिवशी पुरी भरू." सीट आपल्या खाचेवर ठेवून त्यांनी दिवा मालवला.

निघायचा दिवस आला नाही. सकाळी पोस्टमन चहाला आले आणि दार वाजवत राहिले. घर माणसांनी भरले, मग रिकामे झाले. कार्यशाळेला कडी लागली.

अंधारात पडून राहणे मला नवे नव्हते. पण पूर्वी माझ्यात काही जपण्यासारखे नव्हते. आता बॅटरी होती. बाहेरून काही कळत नाही. पण नुसती पडलेली बॅटरीही थेंब थेंब उतरत असते. एका मर्यादेखाली गेली, की मग कितीही भरा, ती जागी होत नाही. अर्ध्याचे पाव झाले, पावाचे त्याहून कमी. मी कडीच्या आवाजाची वाट पाहत होते.

कडी वाजली, तेव्हा लेक घर रिकामे करायला आली होती. तिच्यासोबत सायकल दुकानदार होता. तिने मला पाहिले आणि तिचा हात सरळ माझ्या घंटीवर गेला. दुकानदाराने बॅटरी तपासली. "थोडक्यात वाचली," म्हणत त्याने ती भरायला लावली आणि दुपारी मला गल्लीत फिरवून आणले.

"ताई, काम सुबक आहे, खोटं कशाला बोलू? पण ही चालते की रांगते? मोटारीत वेढे भलतेच जास्त झालेत. तांबं काढून घ्या, सांगाडा मी नेतो."

"बाबांनी बांधलीय ती."

"वय झालं होतं हो. चुकले असतील मोजताना."

"बाबा वेढे चुकत नाहीत." ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

"तुम्हीच बघा मग," असे म्हणून त्याने पाना काढला आणि माझ्या मागच्या चाकाच्या नटाला लावला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

लेक स्टुलावर बसली. जुन्या सवयीने तिचे ओठ हलले. "पळायचं असेल तर कमी. ओढायचं असेल तर..." ती थांबली. "काका, बाजार सपाट. ही गल्ली सपाट. बाबांना ओढायचं काय होतं?"

"आता ते मला कसं ठाऊक असणार, ताई?"

ती उठून खिडकीपाशी गेली. तिथून टेकडी दिसते. टेकडीकडे पाहत, न वळताच ती म्हणाली, "तो पाना काढा."

ऊन उतरल्यावर ती मला घेऊन एकटीच निघाली. निघण्याआधी तिला सीटच्या नळीवरची दुसरी खाच सापडली. सीट त्या खाचेवर चढवून ती बसली, आणि तिचे गुडघे हँडलला जवळजवळ टेकले. ती खाली उतरली. चौकटीवरच्या खाचेकडे आणि माझ्या खाचेकडे तिने पाळीपाळीने पाहिले. सीट आणखी वर करणे क्षणाचे काम होते. तिने केले नाही. तशीच, पंधरा वर्षांची होऊन बसली.

चढ लागला. मी घुमले नाही, तापले नाही. बैलासारखी एका चालीने चढत राहिले. मोरीचा कठडा आला. ते इथे बसले होते, हे मला तिला सांगायचे होते. कठडा मागे पडला. मग ती गच्ची आली, वाळत घातलेले कपडे आले, दार आले. मी पोचले. माझ्यावर बसून ज्यांना पोचायचे होते, त्यांच्यावाचून.

आता मी तिच्या जिन्याखाली राहते. लोक म्हणतात, "ताई, सीट वर करा, गुडघे जातील." ती म्हणते, "मापाचीच आहे." पण तिला कामे फार असतात, आणि जिन्याखाली दिवस लांब असतात. मी अर्धी भरलेली आहे आणि वाट पाहते.

मित्रांनो, तुमच्या घरी बॅटरीची एखादी वस्तू पडून असेल, तर मधूनमधून तिला हात लावा. तिची दशा बाहेरून दिसत नाही. आणि दूर राहणारे तुमचे कुणी फोनवर "काही नाही, बसलोय" म्हणाले, तर तेवढ्यावर जाऊ नका. न सांगता जा आणि मागच्या खोलीचे दार उघडून बघा, ते काय बांधत बसले आहेत. तुमच्याकडे येताना त्यांना जो चढ असतो, तो तुमच्याकडून निघताना उतार असतो.