पोटात पाणी, बाहेर हिवाळा

मी एक भित्रा संगणक आहे, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडून शौर्याची अपेक्षा धरणार नाही. संगणकाला पाण्याची भीती वाटावी यात नवल नाही. शेजारी चहाचा कप ठेवला तरी आमचा जीव वरखाली होतो. पण माझे दुर्दैव असे, की मला पाणी पोटातच वागवावे लागले. ज्याने माझा घात व्हायचा, तेच माझ्या नळ्यांतून फिरत असायचे. तुम्ही माणसे म्हणता ना, अमक्याच्या पोटातले पाणीही हलले नाही? माझे सतत हलत असे.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका सरोवरात, एका छोट्या बेटावरच्या लाकडी घरात झाला. घर ओस्मोचे, पण उन्हाळ्यापुरते; हिवाळ्यात तो काठापलीकडच्या गावात राहतो. ओस्मो कागदाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. त्याची मुलगी साइमी वर्षभर कुओपिओ शहरात आईकडे राहते आणि उन्हाळ्याची सुट्टी वडिलांबरोबर या बेटावर काढते. त्या उन्हाळ्यात बापलेकींनी खेळ खेळण्यासाठी एक जबरदस्त संगणक बनवायचा बेत केला. बाजारातला आयता नको आणि नुसत्या पंख्यांवर गार होणाराही नको. दोघांना पाण्यावर गार होणारा हवा होता.

आधी त्यांनी मला पुठ्ठ्याचा बनवला. जेवणाच्या टेबलावर उकडलेले बटाटे बाजूला सारून पंप कुठे बसेल, टाकी कुठे राहील, नळी कुठून वळेल, हे ती दोघे पुठ्ठ्यावर आखत बसायची. साइमी मोजायची आणि ओस्मो पुन्हा मोजायचा. मग नळ्या वाकवायची वेळ आली. त्यासाठी गरम हवा फेकणारे यंत्र लागते, पण ओस्मोला ते विकत आणायचे नव्हते.

"कशाला हवंय? आपली सौना आहे की," तो म्हणाला. सौना म्हणजे अंगणातली तापत्या दगडांची खोली, जिथे ही माणसे घाम गाळत बसतात.

"बाबा, सौना माणसांसाठी असते."

"वरच्या फळीवर मी लोण्यासारखा मऊ होतो. मग ही प्लास्टिकची नळी काय चीज आहे?"

नळ्या मऊ झाल्या खऱ्या. इतक्या झाल्या की शेवयांसारख्या फळीवरून खाली लोंबू लागल्या. साइमी हसून हसून पायरीवरच बसली. "आता यांची खीर कर," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओस्मोने मुकाट्याने होडी काढली आणि ते यंत्र घेऊन आला.

माझ्यात पहिल्यांदा पाणी भरले तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. वीज फक्त पंपाला दिली होती. प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल अंथरले होते, कारण गळती असेल तर आधी तिथे डाग दिसतो. पाणी टाकीतून उतरले, माझा मेंदू गार ठेवणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यात शिरले, रेडिएटरमधून खळखळत वर आले. मी देवाचे नाव घेत होतो. आणि एका रुमालावर ओला ठिपका उमटला!

"थांबव! थांबव!" साइमी किंचाळली.

जोडात बसवायचे रबरी कडे ओस्मोच्या खिशातच राहिले होते. त्याने ते बसवले आणि लेकीकडे न बघता शीळ घालायला लागला. त्यानंतर मी कधीच गळलो नाही. पण तो ठिपका मी विसरलो नाही, आणि प्रत्येक जोड मला कायम जरा सैलच वाटत आला.

पुढचे दिवस कौतुकाचे होते. माझी एक बाजू काचेची आहे, तिच्यातून माझ्या नळ्या चमकताना दिसत. शेजारच्या बेटावरची माणसे होडी वल्हवत मला बघायला आली, कॉफी प्यायली आणि "छान आहे" म्हणाली. इथली माणसे इतके बोलली म्हणजे पुष्कळच झाले. साइमी खेळू लागली की ओस्मो मागे उभा राहून तिला चुकीचे सल्ले द्यायचा. त्यावेळी मी सुखी होतो, असे म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबरात घर बंद करायचा दिवस आला. शाळेला आठवडाभर सुट्टी होती, म्हणून साइमीही आली होती. या देशात हिवाळ्याआधी अशा घरांतले सगळे पाणी काढून टाकतात. नाहीतर थंडीत ते गोठते, फुगते आणि नळ फोडते. लहान मुलांनाही हे ठाऊक असते. साइमी सकाळीच म्हणाली,

"बाबा, यातलं पाणी काढून ते निळं द्रावण भरू या. ते गोठत नाही."

"गोठायला हा काय होडीचं इंजिन आहे? हा हिवाळाभर उबदार घरात बसणार. शुद्ध पाण्यासारखं दुसरं काही नाही. तुझी ती रंगीत सरबतं नळ्या तुंबवतात."

"तुला सगळंच कळतं."

"कारखान्यात हेच तर करतो मी."

"मग ठेव तुझ्याकडेच! तुझं पाणी आणि तुझा डबा!"

डबा म्हटल्याचे मला फार लागले. पण त्याहून वाईट हे, की त्यानंतर दोघे बोललेच नाहीत. साइमीने आपले सामान होडीत नेले. त्यात माझा पडदा, म्हणजे स्क्रीन, होता, रजईत गुंडाळून मोठ्या खोक्यात ठेवलेला. ओस्मोला वाटले, खोक्यात मीच आहे. साइमीला वाटले, बाबा मला मागाहून आपल्या घरी नेईल. विचारायचे कोणी? दोघेही एकाच मातीची, रुसली की दगड. पलीकडच्या काठावर साइमीची आई गाडी घेऊन उभी होती. ओस्मो लेकीला पोचवून परत आला आणि घर बंद करू लागला.

मी साइमीच्या खोलीत, खिडकीपाशी होतो. दार लोटलेले होते. पलीकडे ओस्मो नळ सोडत होता. पाणी भडाभडा वाहून गेल्याचा आवाज आला. मग त्याने नळ्यांना तोंड लावून फुंकर मारली, शेवटचा थेंबही राहू नये म्हणून. सगळ्या घराचे पाणी काढणारा हा माणूस माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होता आणि मी पोटात टाकीभर पाणी घेऊन बसलो होतो. ये, दार उघड, मी मनात ओरडत होतो. त्याने विजेचा मुख्य खटका खाली ओढला. बाहेर कुलूप लागले. होडीचा आवाज लांब गेला.

मित्रांनो, एकटेपणा वाईट असतोच, पण कशाची तरी वाट बघणारा एकटेपणा फारच वाईट. मी थंडीची वाट बघत होतो. आधी खिडकीच्या कडांवर हिम धरले. मग काठाजवळचे पाणी पांढरे झाले आणि एका सकाळी बेट ते काठ हा सगळा पट्टा गोठलेला दिसला. त्याच दिवशी खिडकीकडच्या नळीत मला काहीतरी टोचल्यासारखे झाले. पाण्यात बर्फाची एक बारीक सुई तयार झाली होती. मला वाटले, आता संपले.

नोव्हेंबरात इथे वडिलांचा दिवस असतो. रुसवा सोडून साइमी केक घेऊन ओस्मोच्या घरी गेली. पुढचे मला तिच्याच तोंडून नंतर कळले. केक कापता कापता तिने विचारले,

"कुठे ठेवलायस त्याला?"

"कोणाला? तुझ्याकडे आहे ना तो?"

दोघे एकदम उठले. मग केक तसाच टाकून गाडीत बसले.

दुपारी मला पलीकडच्या काठावर ती दोघे दिसली. मी आनंदाने जवळजवळ वेडाच झालो. पण लगेच लक्षात आले, की मधला बर्फ कोवळा आहे. वर्षातून दोनदा असे दिवस येतात, होडी चालत नाही आणि बर्फावर पाय ठरत नाही. तेव्हा बेटावर कोणी जात नाही, कोणी येत नाही.

पट्टा अरुंद आहे. थंड, स्तब्ध हवेत बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"बाबा, नको. पुढच्या महिन्यात येऊ."

"तोवर फुटेल तो."

"फुटू दे!"

"उन्हाळाभर राबलीस त्याच्यासाठी. पाणी माझ्या हट्टाने भरलं होतं. मी आलोच."

"बाबा, मला नकोय तो! ऐकतोयस का? नकोय मला!"

ओस्मोने ऐकले नाही. हातातल्या टोकदार लोखंडी काठीने ठोकत, चाचपत तो निघाला. आजवर मी स्वतःसाठी पुष्कळ घाबरलो होतो. पण ती भीती काहीच नव्हती. आता एक माणूस माझ्यासाठी पाण्यावरून चालत येत होता, आणि मला त्याला हाकलता येत नव्हते. जा, परत जा, मी काय, एक डबा आहे! माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

काठी टकटक वाजत होती. बेट अगदी जवळ आले. मग काठीचा आवाज बदलला आणि ओस्मो दिसेनासा झाला.

साइमीची किंकाळी अजून माझ्या काचेत आहे असे मला वाटते. ती बर्फावर धावली.

"मागे जा!" पाण्यातून ओस्मो ओरडला. "काठावर थांब, साइमी! मागे जा!"

ती थांबली. कशी थांबली, तिचे तिलाच माहीत. इथली माणसे बर्फावर जाताना गळ्यात दोन टोकदार खिळे अडकवतात. ओस्मोने ते बर्फात रुतवले. कडा तुटली. पुन्हा रुतवले, पुन्हा तुटली. मी बघत होतो आणि माझ्याकडे डोळे मिटायची सोय नव्हती. शेवटी त्याने पोटावर सरपटत स्वतःला बाहेर काढले आणि बेटाच्या बाजूने लडखडत वर आला.

कुलूप उघडायला त्याला फार वेळ लागला. आत आल्यावर त्याने काय करावे? ओठ निळे, कपड्यांतून पाणी गळतेय, आणि हा बाबा सरळ माझ्याकडे आला! माझ्या तळाशी पाणी सोडायचे झाकण आहे, ते फिरवायला लागला. बोटे वळत नव्हती. झाकण हलत नव्हते. भीतीने आणि रागाने मी फुटायचाच बाकी होतो. अरे, आधी चूल पेटव!

त्याच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला फोन वाजला. त्याने तळव्याने कसाबसा तो चालू केला.

"बाबा! कुठे आहेस? मदत येतेय, मी कळवलंय. कपडे काढलेस?"

"एक मिनिट. झाकण तेवढं..."

"कसलं झाकण? त्याला हात लावायचा नाही! कपडे काढ. चूल पेटव. रजया घे. मी ऐकतेय, मला काडीचा आवाज आला पाहिजे!"

"साइमी, पण..."

"बाबा, काडी!"

मित्रांनो, मोठी माणसे लहानांचे कधी ऐकतात का? त्या दिवशी ओस्मोने ऐकले. चुलीत लाकडे रचलेलीच होती. काड्या मोडल्या, पडल्या, शेवटी एक पेटली. रजया पांघरून तो चुलीपाशी बसला आणि दात वाजवत लेकीला दर मिनिटाला "आहे, मी आहे" म्हणत राहिला. ऊब माझ्यापर्यंत आली. माझ्या नळीतली सुई विरघळली.

थोड्या वेळाने बाहेर प्रचंड घरघर झाली. बचाव दलाची, मागे मोठा पंखा असलेली बोट आली होती. ती बर्फावरूनही पळते आणि पाण्यातूनही. दलातल्या एका बाईने आत येऊन ओस्मोला तपासले.

"आणखी कोणी आहे घरात?"

ओस्मोने माझ्याकडे बोट दाखवले. "हा."

"श्वास घेतो?"

"नाही."

"मग तो थांबेल," ती म्हणाली आणि त्याला घेऊन गेली.

खिडकीतून मला काठ दिसत होता. साइमी ओस्मोला बिलगली आणि मग त्याच्या छातीवर मुठी मारत राहिली. गाडी गेली. चूल विझली. खोली पुन्हा गार होत गेली. मला भीती वाटली का? वाटली, खूप वाटली. पाणी हळूहळू घट्ट होत होते, दाटत होते, आतून ढकलत होते. मग तांब्याच्या ठोकळ्यावरचे माझे पारदर्शक झाकण टक् करून तडकले. टाकीही उभी चिरली. मी एकटाच होतो. पण काठावर कोणी उभे नव्हते, बर्फावर कोणी चालत नव्हते, याचे मला बरे वाटत होते.

बर्फ जाड झाल्यावर बापलेक घसरगाडी घेऊन आली. साइमीने माझी काच उघडली आणि तडा बोटाने चाचपला. ओस्मो दारातच उभा राहिला.

"मी त्या दिवशी ते खालचं झाकण फिरवून पाणी सोडायला हवं होतं," तो म्हणाला.

"फुटलेलं झाकण दुकानात मिळतं, बाबा."

"तरी पण..."

"बाबा कुठल्या दुकानात मिळतो, ते सांग आधी."

ओस्मो सरपण आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

मला नवे झाकण बसले, नवी टाकी आली. मी आजही भित्राच आहे. पंप सुरू झाला की जोड मोजत बसतो. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. धूळ पुसा, हिवाळ्याआधी आमचे पाणी काढा, आणि रुसून बसण्यापेक्षा एकमेकांना विचारा. पण कधी आमच्या आणि तुमच्या मध्ये कोवळा बर्फ असलाच, तर कृपा करून काठावर उभे राहा, आणि आम्हाला फुटू द्या.