बेल दोनदा

"काय गं, आज तरी उमटलं का काही?" किल्लीने दार उघडून आत येत दादाने विचारलं. आवाजात काळजी होती, मनात मात्र गुदगुल्या.

"कुठलं काय!" धाकटी बहीण वैतागली होती. टेबलावर वायरींचं जंजाळ, मधोमध पत्त्याएवढा बोर्ड आणि त्याला जोडलेला दोन बोटं रुंद स्क्रीन. निळा उजेड लख्ख, अक्षर मात्र एक नाही. "चारही वायरी बदलल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला. तीन दिवस झाले, दादा!"

समोरच्या खुर्चीत बाबा. वर्षभरात त्यांचे दोन्ही कान गेले होते. दारावरची बेल दाबली की इथे अक्षरं येतील, असं तिने त्यांना पाटीवर लिहून सांगितलं होतं. तेव्हापासून ते त्या निळ्या उजेडाकडे डोळे लावून बसले होते. येईल त्याला सांगत होते, "पोरगी हुशार निघाली हो माझी!"

दादा आतून जळत होता. बावीस वर्षं तो टीव्ही दुरुस्त करत होता. बाबांनी कधी 'बरं केलंस' असं म्हटलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! आणि ही शाळेतली कारकून मोबाइलवर चार व्हिडिओ बघते काय नि हुशार ठरते काय!

दोष त्याला पहिल्याच दिवशी कळला होता. अक्षरं येतच होती, पण इतकी फिकी की दिसत नव्हती. स्क्रीनच्या पाठीवर इवलासा स्क्रू असतो, तो फिरवला की ती गडद होतात. नवशिके हमखास इथेच अडकतात. पण त्याने मिठाची गुळणी धरली होती. कळू दे हुशारी किती ती!

बहिणीने शेवटी पाटीवर लिहिलं, 'नाही जमत मला.'

बाबांनी ते वाचलं, बाहीने पुसलं. "असू दे गं," ते मोठ्याने म्हणाले. "मी आपला संध्याकाळी दारातच बसत जाईन."

ते ऐकून दादाला कसंसंच झालं. त्याने खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्क्रीन उलटा केला आणि स्क्रू पाव फेरा फिरवला. निळ्या उजेडात अक्षरांच्या चौकटी उठून दिसल्या.

"अगंबाई! एवढंच होतं?" बहीण ओरडली. तिने बेलच्या जागी चाचणीसाठी जोडलेलं टेबलावरचं बटण दोनदा दाबलं. इंग्रजी अक्षरांत ठसठशीत मराठी उमटलं: DADA ALA.

"हे काय?" दादाने विचारलं.

"तू आलास की नेहमी दोनदा बेल वाजवायचास ना? एकदा दाबली तर 'कोणीतरी आलंय', दोनदा दाबली तर तू. बाबा म्हणाले, बाकीचं मागाहून, आधी त्याचं कर. त्यांचे कान गेले नि तू बेल वाजवायचीच सोडलीस. किल्लीने येतोस, एकदम पुढ्यात उभा राहतोस. दचकतात रे ते. सात वाजले की रोज मला विचारतात, वाजली का गं दोनदा?" ती कौतुकाने हसली. "पण तुला कसं कळलं इतक्या पटकन?"

दादाला तिच्याकडे बघवेना. तीन दिवस. तीन संध्याकाळी बाबा इथे बसले होते.

"बेलची वायर जोड," एवढंच तो म्हणाला. त्याने चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. ती आतून "जोडली रे!" म्हणाली, तेव्हा त्याने बेल दाबली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

आत खुर्ची सरकली. काठीचा आवाज दाराच्या दिशेने यायला लागला.

"आलो, आलो!" बाबा ओरडत होते. "थांब रे, मी उघडतो!"

खिशातली किल्ली मुठीत आवळून दादा मान खाली घालून उभा राहिला.