इंजिनाचं पाणी आणि माझं

माझ्या बहिणीचं, कस्तुराचं, थेरगावात लग्न झालं त्याच वर्षी मला रस्त्याचा रोलर चालवायला मिळाला. म्हणजे साल एकोणीसशे चौसष्ट. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, म्हणून वर्षं मी अशी घरातल्या गोष्टींना बांधून ठेवली आहेत. मांडवात पांढरी साडी नेसून बसलेली कस्तुरा मला म्हणाली होती, "भिवादादा, मी एका घरी चालले आणि तू घरच घेऊन चाललास."

ते घर म्हणजे वाफेच्या रोलरमागं जोडलेला डबा. चार लोखंडी चाकं, फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत बाज आणि एक शेगडी. भोसरीकडून चाकणला जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. खडी पसरणारी माणसं संध्याकाळी घरी जात. मला रोलर सोडून जाता येत नसे. काम पुढं सरकलं की डबाही पुढं न्यायचा आणि तिथं एकट्यानं राहायचं. मी हंगामी होतो. पावसाच्या आत रस्ता पुरा केला तर मुकादम उद्धवराव माझं नाव कायम ड्रायव्हर म्हणून वर धाडणार होते. मध्येच अंथरूण धरलं तर रोलर दुसऱ्याकडं जाणार आणि मी परत खडी फोडायला.

डब्यानं मला बरंच शिकवलं. मोशीचा उतार उतरताना मी आतलं सामान बांधलं नव्हतं. नदीवर थांबून दार उघडलं तर पीठ, मीठ आणि रॉकेल एक झालेलं. त्या पिठाच्या भाकरी मी संपेपर्यंत खाल्ल्या. तेव्हापासून हलायच्या आधी सगळं बांधायचं. चाकाला एकाच बाजूनं दगड लावून भागत नाही, दोन्हीकडून लावावा लागतो, हेही असंच कळलं. डबा मागं सरकून बाभळीत अडकला म्हणून वाचला.

पण मोठी गोष्ट मी कुरुळीला शिकलो.

कुरुळीजवळ रस्त्याला लागून गेनू आणि सारजाबाई या नवरा-बायकोचा मळा होता. मोटेची विहीर, बारमाही पाण्याची. वाफेच्या इंजिनाला पाणी फार लागतं, आणि स्वच्छ लागतं. मी गेनूभाऊंना इंजिनासाठी पाणी मागितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांना थट्टेची भारी सवय. डब्याला ते खुराडं म्हणत, आणि मी डबा हलवला की अंडी फुटतील, सांभाळून, असं बांधावरून ओरडत. मोट थारोळ्यात रिकामी झाली की मी पिंप भरून घेई.

त्यातलं पाणी मी स्वतः पीत नसे. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो होतो. आता कुणापुढं वाकायचं नाही हे मला पटलेलं होतं. पण तहान लागली की वडिलांची ओंजळ डोळ्यांपुढं यायची. लोक वरून पाणी ओतत आणि ते खाली बसून पीत. पाणी मागायचं आणि कुणी तसं वरून ओतायचं, त्यापेक्षा न मागितलेलं बरं. मागितलं ते इंजिनासाठी, म्हणून ते इंजिनाचं. माझ्यासाठी मी खालच्या ओढ्यावरून घागर भरून आणायचो. डबाही असा उभा केला होता की दार ओढ्याकडं आणि पाठ वस्तीकडं.

शिमग्याला सगळी माणसं घरी गेली. मी राखणीला राहिलो. सणाच्या आदल्या दिवशीच मला उलट्या आणि हगवण सुरू झाली. ओढा तोवर आटून डबकी राहिली होती. पाणी प्यायचो, आणखी व्हायचं. मग उठवेना. इथंच आपलं ड्रायव्हरपण संपलं, असं पडल्या पडल्या वाटत होतं.

डब्यातून धूर निघत नाही हे सारजाबाईंनी पाहिलं. सणाच्या दिवशी सकाळी त्या आणि गेनूभाऊ आले. दार सापडेना म्हणून डब्याला वळसा घालावा लागला. आमच्याकडं पाठ करून बसलाय, असं त्या बाहेरूनच पुटपुटल्या. आत येऊन घागरीत वाकून पाहिलं आणि पाणी कुठलं म्हणून विचारलं. मी ओढ्याचं म्हणालो.

"इंजन आमच्या हिरीचं पितंय आन् तू डबक्यातलं?"

त्यांनी गेनूभाऊंना घरी पिटाळलं. ते घरातला तांब्या घेऊन आले. मी बाजेवर उठून बसलो आणि सवयीनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली. सारजाबाई ओतेनात. तांब्या माझ्यापुढं धरून तशाच उभ्या राहिल्या.

"धर की. हात दुखला माजा."

मी तांब्या हातात घेतला. तोंडाला लावून प्यालो.

पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू मागितलं न्हाईस, आन् आमी दिलं न्हाई. तू मागायची वाट बगत व्हते मी. मागितलं आसतंस तर काय केलं आसतं, ते मला बी ठावं नव्हतं." मग रिकामा तांब्या घेत, "उद्यापासनं हिरीवर ये. दोर हाय, बादली हाय. तुजं तू शेंद."

दुसऱ्या दिवशी धड चालता येईना तरी मी गेलो आणि आपल्या हातानं पाणी शेंदलं. गेनूभाऊंचा भाऊ मुरारी, त्याची विहिरीत निम्मी वाटणी. त्यानं माझ्यासमोर पाणी भरायचं टाळलं. सारजाबाईंनी त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. त्याची मोट मात्र बंद पडली नाही, आणि माझा दोरही कुणी काढून ठेवला नाही.

सण उलटल्यावर उद्धवराव आले तेव्हा मी बाजेवरच होतो. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी काही बोलायच्या आत गेनूभाऊ मध्ये पडले.

"आमच्यात पुरणपोळ्या हाणल्यात त्यानं, मुकादम. सुस्तावलाय. दुसरं काय न्हाई."

उद्धवराव हसले आणि सांजेपर्यंत वाफ पाहिजे एवढं म्हणून गेले. माझ्या पोटात तोवर भाताची पेज सोडून काही नव्हतं. पण सांजेला वाफ झाली होती. पावसाच्या आत रस्ता झाला आणि मी कायम झालो.

कुरुळी सोडायच्या आधीच मी डबा फिरवून दार वस्तीकडं केलं होतं. पुढं किती तरी गावांच्या शिवेवर राहिलो, दार कायम माणसांकडं ठेवलं. नव्या ड्रायव्हरला मी सामान बांधायला सांगायचो, दोन्हीकडून दगड लावायला सांगायचो, आणि सांगायचो की गावात गेल्यावर आधी स्वतःसाठी पाणी माग, मग इंजिनासाठी. काही ठिकाणी नाही म्हटलं गेलं. तिथं मला दोन्ही पाणी लांबून आणावं लागलं, पण डबक्यातलं पुन्हा कधी प्यालो नाही.

चाकणच्या बाजूला काम निघालं की मी मळ्यावर उतरायचो. मी बसायच्या आधीच सारजाबाई विहिरीकडं बोट करायच्या. मी पाणी शेंदायचो. आधी त्यांना द्यायचो, मग मी प्यायचो. आज माझी पेन्शन आहे, मुलं कारखान्यात आहेत. त्या तांब्याशिवाय यातलं काही झालं नसतं.

सारजाबाई कुरुळीत एकोणीसशे एक्याऐंशी साली, शिमग्याच्या चार दिवस आधी वारल्या.