एकशेसत्तावीस दातांचं गियर

उन्मेषकाकाने धवलभाईसमोर माझं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातात मोठा पाना होता. तो मी खाली ठेवला. त्याहून जास्त सभ्यपणा त्या दिवशी माझ्याकडे नव्हता.

धवलभाई आमचं जुनं गिऱ्हाईक, आमच्यासारखीच मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याची शेड. त्याच्या इंची मिलिंग मशीनच्या टेबलाचा लांब स्क्रू काकाने नवा करून दिला होता. आता टेबल अर्धा मीटर सरकवलं की भोक पाव मिलीमीटर पुढे पडायचं. सगळ्या प्लेटा रिजेक्ट. त्यातली एक त्याने आमच्या लेथवर आणून आपटली.

"हिशोब आमच्या सानवीने केलेला," काका म्हणाला. "अकरावी सोडलेली पोर. मी भरवसा ठेवला, तेवढं चुकलं."

आणि सकाळी धवलभाईची तक्रार फोनवर आली तेव्हाच त्याने बाबांनाही फोन करून हेच सांगितलं होतं. बाबा रिफायनरीत नोकरीला. त्यांनी मला दिवाळीपर्यंत लेथवर येऊ दिलं होतं, एका अटीवर. एक जरी तक्रार आली तर परत कॉलेज. मघाशीच त्यांचा फोन येऊन गेला, उद्यापासून शेडवर जायचं नाही. म्हणजे मी कॉलेजात बसून पुन्हा त्या सरांचं तोंड बघायचं, ज्यांना फळ्यावरची चूक दाखवली की मीच उद्धट.

हिशोब माझाच होता. पण कशाचा ते ऐका. आमचा लेथ मिलीमीटरचा, त्याचा स्वतःचा स्क्रू एका फेऱ्यात सहा मिलीमीटर सरकवतो. इंचाला चार आटे पाडायचे तर सहा पूर्णांक पस्तीस लागतात. म्हणजे गियर एकशेसत्तावीसला एकशेवीस. आमच्या एकशेसत्तावीसचे दात तुटलेले. शेजारच्या शेडमध्ये विश्वासरावांकडे अगदी असाच लेथ आहे, पण काकाचं त्यांच्याशी बोलणं बंद. मेलो तरी त्यांच्या दारात जाणार नाही म्हणे.

मग मी भागत बसले. एकशेसत्तावीसात एकशेवीस एकदा जातात, उरले सात. एकशेवीसात सात सतरा वेळा, उरला एक. तो शेवटचा एक सोडून द्यायचा. मग राहतो एक आणि एक सतरांश, म्हणजे अठराला सतरा. दोन्हीला पाचाने गुणलं की नव्वद आणि पंच्याऐंशी, दोन्ही गियर फळीवर पडलेली. दर आट्याला मिलीमीटरचे तीन सहस्रांश जास्त. काम घट्ट धरायच्या व्हाइसचा वीतभर स्क्रू करायचा होता, त्याला काहीच फरक पडत नाही. लांब कामाला हे चालणार नाही, चूक साठत जाते, हे मी काकाला तेव्हाच सांगितलं होतं. तो हो म्हणाला. आणि रविवारी मी नसताना तीच गियर चढवलेली ठेवून धवलभाईचा स्क्रू कापून मोकळा झाला.

हे सगळं मी धवलभाईला सांगितलं. गुजरातीत सांगितलं, नंतर समजलं नाही म्हणायला नको. काका मध्येच म्हणाला की आटे ते आटे, त्यात लांब-आखूड काय. धवलभाईने हात जोडले.

"बेन, तमे काका-भत्रीजी पछी लडजो. मने सांजे स्क्रू जोईए. नहीं तो बीजे जाउं." म्हणजे भांडण नंतर, संध्याकाळी स्क्रू मिळाला नाही तर तो दुसरीकडे जाणार.

मी विश्वासरावांकडे निघाले. काका मागून ओरडत होता, पाऊल टाकलंस तर बघ. टाकलं. विश्वासरावांनी गियर फडक्याने पुसून दिलं आणि विचारलं, उन्मेषचे पाय मोडलेत का. पाय धड आहेत म्हटलं, बाकीचं काही सांगता येत नाही.

गियर चढवलं. नवी सळई धरली, सेंटर लावलं. काका एव्हाना माझ्या बाजूला येऊन उभा, जणू त्यानेच मला पाठवलं होतं. म्हणाला, चल, चालू कर. मी बटणावर हात ठेवून उभी राहिले.

"आधी बाबांना फोन लाव."

"नंतर लावतो ना. गिऱ्हाईक उभं आहे."

"असू दे उभं."

धवलभाई स्टुलावर बसला. त्याला आता घाई दिसत नव्हती. काकाने फोन लावला, पाठ वळवली आणि आवाज बारीक केला. "दादा, त्या स्क्रूचं... थोडं माझंही चुकलं."

"थोडं नाही," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं. मी हात तसाच ठेवला. फोनमध्ये बाबा हॅलो हॅलो करत होते.

"सगळं माझंच," काका म्हणाला. "तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

पुढे तो नुसता हो, हो करत राहिला आणि मग फोन माझ्या कानाला लावला. बाबांनी सॉरी वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं की आज किती वाजता सुटशील.

"स्क्रू झाला की," मी म्हटलं, आणि काकाला बाजूला हो म्हणाले.