दहा कोयत्यांचा लॅपटॉप

या, असे जवळ सरका. मांडी घालून बसा, फोन जरा पालथा ठेवा. कीर्तनात बुवा मधेच एखादा दृष्टान्त सांगतात ना, तसा एक सांगणार आहे. पण यात राजा नाही की ऋषी नाही. आहे ती माझी सून, एक ऊसतोडीचा मुकादम आणि बारामतीतलं लॅपटॉपचं दुकान.

मी कळंबचा सावळाराम. ऊस पिकवतो, आणि चाळीस वर्षं बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहतो. कीर्तन म्हटलं की मला जेवण सुचत नाही. सून राजलक्ष्मी मेकॅनिकल डिप्लोमावाली. लग्नानंतर तीन वर्षं ते शिक्षण कपाटात घडी घालून पडलं होतं. अशात एमआयडीसीतल्या, डेअरीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यानं तिला सांगितलं, दुधाच्या टाकीचं सगळ्या पाइपांसकट ड्रॉइंग करून सोमवारी दहाच्या आत पाठवा. पसंत पडलं तर घरी बसून काम देऊ.

पोरीच्या तोंडावर काय तेज आलं म्हणून सांगू! पण घरचा जुना लॅपटॉप. एक पाइप जोडला की पडद्यावरची गोल चकती फिरायला लागायची, ती तिचं भाकरी थापणं होईपर्यंत फिरायची. शुक्रवारी तर सगळं गोठलं. राजलक्ष्मी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आबा, न्हाय व्हायचं."

"न्हाय कसं? नवा घिऊ. उद्याच."

शनिवारी सकाळी निघालो तर सर्जेराव मुकादम गाडी घेऊन दारात. त्याला बारामतीला जायचंच होतं. वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या आणणारा गडी. कुठल्या फडाला किती माणूस लागेल, हे बांधावर उभा राहून सांगतो. लॅपटॉप घ्यायचाय म्हटल्यावर म्हणाला, "तात्या, मी असताना तुमाला कोन फसवतोय बघू!"

दुकानात तेजश्री नावाची मुलगी होती, विशीतली, चटपटीत. तिनं एकाच किमतीचे दोन लॅपटॉप पुढ्यात मांडले. एकात दहा कोर, दुसऱ्यात सहा.

"कोर म्हंजी काय गं बाई?" सर्जेरावनं विचारलं.

"प्रोसेसरच्या आत काम करणारे, काका. जितके कोर, तितकी कामं एका वेळी."

सर्जेरावनं मांडीवर थाप मारली. "म्हंजी कोयतं! तात्या, ह्यात दहा कोयत्याची टोळी हाय, त्यात सहाची. इचारायचं काय त्यात?"

मी दोन्ही पाट्या वाचल्या. दोन्हींवर ठळक आकडा एकच, ४.४ गिगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झ म्हणजे काय, तर एका सेकंदाला अब्जावधी ठोके. म्हणजे लय. मला लगेच कळलं. लय दोघांची सारखी आणि एकाकडं चार गडी जास्त. मीही मान डोलावली. राजलक्ष्मी मात्र सहावाल्याकडं वळून वळून बघत होती. "ह्याचा पंखा मोठा दिसतोय, आबा," एवढंच पुटपुटली. पण दोन थोरली माणसं बोलल्यावर सुना गप्प बसतात, तशी बसली. चूक तिची नव्हे, आमची.

दहावाला खोक्यात जायला लागला. सर्जेरावला आता चेव चढलेला. "पोरी, नीट बांध. दहा कोयत्याची टोळी कळंबला चाललीय!"

तेजश्री हसली. "काका, कोयता म्हणजे एक माणूस ना?"

"छ्या! एक कोयता म्हंजी जोडी, नवरा-बायकू. एकटा मानूस आला तर त्यो अर्धा कोयता. हिशेबात लई फरक पडतोय त्यानं."

तेजश्रीचे हात थांबले. तिनं गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडं बघितलं. मालकानं डोळ्यानंच 'बांध, बांध' केलं. दहावाल्यावर त्याला कंपनीची स्कीम होती. पोरगी खोकं पुन्हा उघडून म्हणाली, "मग काका, तुमच्या हिशेबानं ह्यात पुरे कोयते दोनच. बाकीचे आठ अर्धे."

"आँ?"

"लहान कोर. बॅटरी वाचवायला चांगले. पत्र लिहिणं, व्हिडिओ बघणं, असल्या कामाला झकास. त्या सहातले सहाही पुरे आहेत."

सर्जेरावचा चेहरा असा झाला, की मला हसू आवरेना. "वीस वर्सं अर्धा-पुरा मोजतुया मी," तो म्हणाला, "आन् मला खोक्यातल्या टोळीनं फसवलं!"

"पण लय तर सारखी हाय की," मी म्हटलं.

"तो वरचा आकडा, आजोबा. जोर लावून थोडा वेळ गाठता येतो. कायम कितीवर राहायचं ते खाली बारीक लिहिलंय. ह्याचं १.३, त्याचं ३.३."

हे मला कुणी शिकवायला नको होतं. गजराला पखवाजी जी लय घेतो, ती त्याला दोन तास टिकत नाही. हात भरून आले की खाली उतरतोच. टिकते ती लय खरी.

आता राजलक्ष्मीला कंठ फुटला. "आबा, माझं ड्रॉइंग एकामागं एक चालतं. ही नळी बसल्याबिगर पुढची कुठं बसवायची, ते ठरत न्हाय. मग दहा जण असून करणार काय?"

"बरोबर हाय पोरी. निरूपन एकच बुवा करतो. मागं वीस टाळकरी असलं, तरी अर्थ वाटून सांगत न्हाईत."

"पण शेवटी चित्राला रंग-प्रकाश द्यायचा असतो, तवा सगळे कोर लागतात."

"त्यो गजर झाला! तवा सगळ्यांनी उठायचं."

सर्जेराव म्हणाला, "तात्या, तुमी कीर्तन नंतर करा. आदी दोगांना फडात घाला."

राजलक्ष्मीनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. तेजश्रीनं दोन्हींवर चाचणीपुरतं सॉफ्टवेअर चढवलं. तोवर आमचे दोनदा चहा झाले. मग तेच टाकीचं ड्रॉइंग दोन्हीकडं पाळीपाळीनं उघडलं. घड्याळ कुणी बघितलंच नाही. मी बोटांनी ठेका धरून 'रामकृष्णहरी' म्हणत होतो. दहावाल्याला बासष्ट वेळा म्हणावं लागलं. सहावाल्याला एकोणतीस झाले, आणि टाकी नळ्यांसकट पडद्यावर उभी! गिऱ्हाइकं टाळ्या पिटायला लागली. काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं, तरी.

"हा जड आहे," तेजश्रीनं तेही सांगितलं, "पंख्याचा आवाज येणार, बॅटरीही लवकर उतरणार."

"पुऱ्या कोयत्याला भाकरी जास्तच लागतीय," सर्जेराव म्हणाला. मालकही शेवटी हसला.

रविवारभर राजलक्ष्मी ओसरीत बसून काम करत होती. स्वयंपाक मी केला. पिठलं गुठळ्यांचं झालं, तरी सगळ्यांनी खाल्लं. सोमवारी सव्वानऊला ड्रॉइंग गेलं. चार दिवसांनी फोन आला. ती "हो सर, हो सर" म्हणत अंगणभर फिरत राहिली, आणि फोन ठेवल्यावर माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मधेच धरलं. म्हटलं, माझ्या कसल्या पडतेस, मी तर दहावाला घरी आणत होतो.

पेढे घेऊन आम्ही बारामतीला गेलो. तेजश्री नव्हती. मालक म्हणाला, तिला पुण्याला कॉलेज मिळालं, कालच गेली. तिचा नवा नंबर त्याच्याकडं नव्हता. त्यानं एक पेढा उचलला आणि म्हणाला, "तिनं खरं सांगितलं म्हणून बरं झालं. तुमच्या गावची आणखी दोन गिऱ्हाइकं आली."

तर मंडळी, माझं एवढं ऐका. देव तुमचा कुठलाही असो, आज हात जोडाल तेव्हा बारामतीच्या त्या तेजश्रीचं नाव घ्या. मालक बघत असताना तिनं बांधलेलं खोकं सोडलं.