वकीलबाईंची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. माझा रंग मूळचा पांढरा. आताचा कोणता ते विचारू नका. मी स्वभावानं संशयी आहे, हेही आधीच सांगून टाकते. दार लागलं तरी ते नीट लागलं का, अशी शंका मला येते, आणि बहुतेक वेळा ते लागलेलं नसतंच.

कारखान्यातून बाहेर पडले ती मी थेट एका बेकरीत गेले. पहाटे माझ्या पोटात गरम पाव आणि बिस्किटं भरायची आणि दुकानोदुकानी न्यायची, हे माझं काम. मालक माझी काच स्वतः पुसायचा, मला ‘राणी’ म्हणायचा. पुढे माझा क्लच बिघडला आणि राणीची मोलकरीण झाली. मग एक दिवस मालकाला दानधर्म सुचला. त्यानं मला अनाथ मुलांच्या बालगृहाला भेट देऊन टाकलं. फोटो निघाले, भाषण झालं. “या लेकरांसाठी माझा जीव तुटतो हो,” मालक म्हणाला. तुटला होता तो क्लच, पण माझं कोण ऐकणार?

बालगृहातल्या ड्रायव्हरकाकांनी मला आपल्या हातांनी दुरुस्त केलं. मी मुलांना शाळेत नेऊ लागले, दवाखान्यात नेऊ लागले. लहानगी मुलं माझ्या सीटा हुंगायची आणि म्हणायची, “काका, गाडीला पावाचा वास येतो!” माझं इतकं कौतुक बेकरीतही कुणी केलं नव्हतं.

एकदा आम्ही मोठ्या इस्पितळातून दोन भावंडांना आणायला गेलो. वडील आधीच गेलेले, आईनं त्याच सकाळी डोळे मिटलेले. मुलगी आठ-नऊ वर्षांची आणि तिच्या कडेवर गुबगुबीत धाकटा भाऊ. त्याला सगळे पुढे ‘ढब्बू’ म्हणायला लागले. बालगृहाच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या मुलीला म्हणाल्या, “चल बाळा, आईला दुसऱ्या वॉर्डात नेलंय. आपण तिकडे जाऊ.”

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. मुलं भरमसाट आणि माणसं मोजकी, त्यामुळे रडारड टाळायची त्यांना सवय लागली होती. फाटकाबाहेर पडताच मुलगी म्हणाली, “हा रस्ता इस्पितळाच्या बाहेर जातो.” मोठ्या बाईंनी खिडकीची काच वर केली. ती रडलीही नाही. तिनं फक्त ढब्बूला घट्ट धरलं.

त्या दिवसापासून चौकशी केल्याशिवाय ती माझ्यात पाऊल ठेवीना. “कुठे जायचं? कुणी सांगितलं? परत कधी येणार? नक्की?” ड्रायव्हरकाका तिला ‘वकीलबाई’ म्हणू लागले. पण ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचे, आणि खरं द्यायचे. रस्त्यात पेट्रोल भरायचं असेल तर तेही आधी सांगायचे.

मग एक सकाळ उजाडली. आयाबाईंनी ढब्बूला माझ्यापाशी आणलं. त्याच्या अंगात नवा शर्ट होता, केसांचा छान भांग पाडलेला. सीटखाली हळूच एक पिशवी सरकवली गेली. तिच्यात त्याचे सगळे कपडे होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात वकीलबाई धावत आल्या.

“ढब्बू कुठे चाललाय?”

“दवाखान्यात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “डोस द्यायचाय.”

“सुई टोचून घ्यायला भांग पाडून कोण जातं?”

आयाबाई दुसरीकडे बघू लागल्या. मुलगी काही न विचारता आत चढली, भावाला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं सीटचा दांडा पकडला. “मग मलाही टोचा,” ती म्हणाली.

“काका, हिला उतरवा आणि गाडी काढा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

काकांनी किल्ली काढून खिशात टाकली. “बाई, ही मला रोज विचारते आणि मी रोज खरं सांगतो. आज काय सांगू?”

“काका, कुठे चाललोय?” मुलीनं लगेच विचारलं.

काका तिच्याकडे वळले. “ढब्बूला एका घरी द्यायला. कायमचं.”

“आणि मी?”

मोठ्या बाई माझ्या पायरीवर बसल्या. “मोठ्या मुलीला कुणी नेत नाही गं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “म्हटलं, एकाचं तरी भलं होऊ दे.”

गाडी हलली नाही. दुपारी ढब्बूला दत्तक घेणारं जोडपंच बालगृहात आलं. तो बसमध्ये कंडक्टर, ती घरी शिवणकाम करणारी. याला बहीण आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. “आणखी काय काय लपवलंय?” कंडक्टरनं विचारलं आणि दोघं तडक निघून गेले.

पुढचे कितीतरी दिवस वकीलबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. एका संध्याकाळी ती माझ्या चाकाला टेकून बसली. “काका, माझ्यामुळे ढब्बूचं घर गेलं ना?”

“माहीत नाही गं पोरी,” काका म्हणाले. “पण तू गप्प बसली असतीस, तर तो तिथे रोज तुला शोधत बसला असता.”

नंतर एका सुट्टीच्या दिवशी ती शिवणकाम करणारी बाई एकटीच आली. मला वाटलं, आता गोड बोलून पोराला न्यायला आली असेल. मुलीलाही तेच वाटलं असावं. ती सरळ म्हणाली, “तुम्ही काय लपवताय ते आधी सांगा.”

बाई गडबडली. मग माझ्या पायरीवर बसून हळूहळू सांगू लागली. “घर लहान आहे. सासरे खोकत असतात, त्यांची चिडचिड चालू असते. मी चटकन ओरडते. आणि दोघांचं मला झेपेल का, याची भीती वाटते. म्हणूनच त्या दिवशी निघून गेलो. पण तू त्याला कसं धरलं होतंस, ते इथल्या आयाबाईंनी सांगितलं. ते डोक्यातून जाईना.”

मुलगी “पुन्हा या,” एवढंच म्हणाली. बाई येत राहिली, मग कंडक्टरही येऊ लागला. रीतसर परवानग्या व्हायला पुष्कळ महिने गेले. अखेर दोघा भावंडांना मीच त्या घरी सोडलं.

पण माझा संशय काही गेला नाही. पहिल्यांदा आम्ही कळवून भेटायला गेलो, तेव्हा मुलगी फाटकाशी येऊन म्हणाली, “सगळं छान आहे.” मूल सगळंच छान आहे म्हणतं, तेव्हा कान टवकारावेत. मोठ्या बाईंनाही ते खटकलं. परतताना त्या म्हणाल्या, “काका, पुढच्या वेळी न सांगता येऊ.”

तसे गेलो. मी खिडकीखाली उभी राहिले आणि आतून आरडाओरडा ऐकू आला. “भांडी कोण घासणार? किती वेळा सांगायचं तुला?”

माझं तेलच गोठलं. याचसाठी नेलं का पोरीला? काका धावत फाटकाशी गेले.

तेवढ्यात वकीलबाईंचा आवाज चढला. “मला का सांगतेस? आज बाबांची पाळी आहे! काल मी घासली, कढई बघ हवं तर!”

“बघितली! तळाला अर्धी भाजी तशीच आहे!”

“मग तू घास!”

आत कुणीतरी मोठ्यानं हसलं, त्यात खोकणारे आजोबाही होते.

काकांचा हात फाटकावरच राहिला. धास्तावलेलं मूल असं भांडत नाही. “बाई, बेल वाजवू?” त्यांनी विचारलं.

“थांबा. आधी भांडण संपू दे,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून उगाच पुसत राहिल्या.

मित्रांनो, आता बालगृहात नवी गाडी आली आहे. मी मागच्या अंगणात असते. टायर बसलेत, काचेवर धूळ आहे. पण माझी धूळ पुसा, असं सांगायला मी बोलत नाही. ज्यांना आई-बाप नाहीत, त्या लेकरांना कुठे नेत असाल तर खरं काय ते त्यांना सांगा. भावंडांची ताटातूट करू नका. आणि घर मिळालं म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नका. संशय वाईट असं तुम्हाला शिकवतात. तरी लेकरांच्या बाबतीत थोडा जवळ ठेवा. अधूनमधून न कळवता त्यांच्या दाराशी जा. आत आवाज चढलेले असले, तर लगेच परत फिरू नका. लेकरंही बिनधास्त भांडतायत का, ते नीट ऐका.