राणीसाठी बांधलेली खोली

आमच्या कॅनडातल्या ग्वेल्फला 'रॉयल सिटी' म्हणतात. ब्रिटिश राजघराण्याच्या नावावरून गावाचं नाव ठेवलंय म्हणून. बाकी इथं राजेशाही शोधून सापडायची नाही. पण २०१० च्या उन्हाळ्यात राणी टोरोंटोला आली, तेव्हा शेजारच्या मिसेस मॅकफींना भलताच उत्साह चढला. ऐंशी ओलांडलेली ही स्कॉटिश बाई आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर चहा घेत आपल्या पणजीची गोष्ट सांगायला बसली.

पणजीचं गाव बाल्मोरलच्या शाही वाड्याजवळ. राणी व्हिक्टोरिया तिथं मुक्कामाला असली की न सांगतासवरता गोरगरिबांच्या घरात जाऊन बसायची. पणजीकडेही बसली होती, पीठ सांडलेल्या बाकावर. गावच्या जमीनदारानं मात्र तिच्यासाठी घराला अख्खी नवी विंग काढली. काम चालू असतानाच राणीचा निरोप आला, वाटेवरच आहोत, चहाला येऊ का? यानं उलट कळवलं, पडदे लागायचे राहिलेत, पुढच्या वर्षी यावं.

"ती परत कधी आलीच नाही," मिसेस मॅकफी म्हणाल्या आणि खूप हसल्या.

माझा नवरा उन्मेष मन लावून ऐकत होता. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. तर हा विचारतो, "त्या विंगला हीटिंग कसलं होतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण असलंच एक बांधकाम आमच्या घरातही चाललं होतं. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, शरदचंद्रांना, सांगलीहून इकडे आणायचं ठरलं, आणि त्यांच्यासाठी उन्मेषनं बेसमेंट फिनिश करायला, म्हणजे तळघराची राहती खोली करायला घेतली. इंजिनिअर माणूस, त्यामुळे सगळं स्वतःच करणार, तेही शनिवार-रविवारी. बाबांना थंडी सोसत नाही म्हणून जमीन गरम हवी. वॉशरूममध्ये धरायला दांडे हवेत, जिन्याला दोन्हीकडून कठडे हवेत.

"अरे, मी काय परका आहे?" बाबा फोनवर म्हणायचे. "येऊ का दिवाळीला?"

"टाइल्स राहिल्यात, बाबा. स्प्रिंगला या."

स्प्रिंगला रंगाचा वास असायचा. विंटर तर विंटरच. व्हिसा आला आणि पासपोर्टात पडल्या पडल्या संपूनही गेला.

आमची जाई एकदा म्हणाली, "डॅड, ही कॅन हॅव माय रूम. आय'ल स्लीप ऑन द काउच."

उन्मेष उखडला. "माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या सोयीनं दिवस काढलेत. इथं तरी त्यांना अ‍ॅडजस्ट करायला लावणार नाही."

प्रेमच होतं ते, पण हटवादी. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

पुढे बाबांनी विचारणं सोडलं. समजूतदार आहेत, असं आम्ही म्हणालो. मग पानगळीच्या सुमाराला सांगलीहून अरुणावन्संचा फोन आला. बाबा बाजारातून घरी यायची वाट विसरतात, माणसं ओळखत नाहीत, डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय. उन्मेष खाली गेला आणि त्याच आठवड्यात त्यानं उरलेलं सगळं काम संपवलं. मी त्याला अडवलं नाही.

रविवारी वन्संनी बाबांना स्काइपसमोर बसवलं. उन्मेष लॅपटॉप हातात घेऊन खोलीभर फिरला. पलंग दाखवला, खिडकी दाखवली, नळ सोडून गरम पाणी दाखवलं. बाबा चष्मा सावरून सगळं नीट बघत होते.

"फार सुरेख केलंत हो तुम्ही," ते म्हणाले. पोटच्या पोराला अहोजाहो. "कोण येणार आहे राहायला?"

उन्मेषनं लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि सोडलेला नळ बंद करायला गेला. मीच म्हणाले, "यांचे वडील."

"असं होय. मग लवकर बोलवून घ्या त्यांना," बाबा म्हणाले. "म्हातारं माणूस बॅग भरून बसलं असेल हो."